उघाडी

जखमेवर आधी साधं प्लास्टिक, त्यावर चौकोनांचा पारदर्शक कागद,
मग काळ्या पेनाने कड काढायची. हात हलता कामा नये.
अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा,
कमी भरलेला सोडून द्यायचा.
वेंगुर्ल्याच्या इस्पितळात, खोली नंबर सात, दर बुधवारी
मी माणसांच्या घोट्यांवरची बेटं मोजते.

शेवंती गिरप, उभादांडा.
कागदावर फक्त शे. गि., क्रमांक सतरा.
वय एकसष्ट. व्यवसाय मासळी विकणे.
दिवसाला किती तास उभं राहता?
"उभ्यानच जल्म गेलो गो, तास खय मोजतलंय?"
मी लिहिलं: नऊ.

घोट्याभोवतीची कातडी आमसुलासारखी काळपट, ताठ,
आणि मधोमध साडेचौदा चौरस सेंटिमीटर उघडं.
अकरा वर्षांचं.
हळद झाली, एरंडाचं पान झालं,
भाच्याने मुंबईहून पाठवलेलं मलम झालं.
डॉपलरची कांडी लावली तेव्हा घोट्यापाशी सळसळ ऐकू आली,
म्हणजे रक्त खाली नीट पोचतं.
परत येत नाही.

डॉक्टर नेवग्यांनी चित्र काढलं.
ही शीर, ह्या तिच्यातल्या झडपा.
रक्त वर चढलं की मिटतात, खाली पडू देत नाहीत.
तुमच्या मिटत नाहीत.
ती चित्राकडे पाहत राहिली.
"म्हंजे उघाडी गेली."
मोचेमाडच्या खाडीवर तिचा बाप बांधाची उघाडी राखायचा.
ओहोटीला दार आपसूक उघडं, भरतीला आपटून बंद.
एका साली फळी कुजली
आणि खारं पाणी रात्रीत शेतात येऊन बसलं.
तीन वर्षं तिथे भात झाला नाही.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
माहितीपत्रकाचं ते पान मी वाचून दाखवलं नाही.

मग पाकीट. बंद, वर नंबर.
कुणाला चार पदरी पट्टी, कुणाला नवा घट्ट मोजा,
कुठल्यातरी संगणकाने आधीच ठरवलेलं.
"कौलच म्हण की, फक्त गुरव नाय."
पाकळी उजवी पडली की डावी, मला आजही ठाऊक नाही.
चार पदर निघाले.

नवव्या आठवड्यात पट्टीला बांगड्यांचा वास.
लिलावात बर्फाचं पाणी पायावर आलं,
तिने पट्टी सोडली, धुतली,
जाळ्याच्या दोरीवर वाळवली आणि स्वतःच बांधली,
वरून खाली, उलटी.
"ह्या पण लिवतलंस?"
लिहावं लागतं. लिहिलं.
त्या बुधवारी चार चौकोन वाढले.

बारा. साडेनऊ. सहा.
सहा. सहा.
पाच.

चोविसाव्या आठवड्याला सव्वा,
आणि अभ्यास चोविसाव्या आठवड्याला संपतो.
जखम भरली का? हो, नाही.
मधे जागा नसते.
मी दुसऱ्या चौकटीत खूण केली.
तिला अक्षरं येत नाहीत, खूण कळते.

सत्ताविसाव्या आठवड्यात, गुरुवारी, ती न बोलावता आली.
टोपली दाराशी, पाय स्टुलावर.
कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, गुलाबी कातडी.
फायली तोवर खोक्यांत, खोकी पुण्याला.
"मोज," ती म्हणाली.

मी प्लास्टिक ठेवलं. त्यावर कागद. पेनाचं टोपण काढलं.
कड कुठून धरायची कळेना,
आणि हात हलला.
कोपऱ्यात तारीख घातली. खाली आख्खं नाव.

पट्टी सोडायची नाही, मी बजावलं, झडप अजून तशीच आहे.
"ठाव आसा. फळी कुजकीच. बांद राखूक होयो."
तिने कागद मागून घेतला, खिडकीकडे धरला,
त्यातून माड दिसला, उभी रिक्षा,
चौकोनाचौकोनात.
मग तो टोपलीत ठेवला, बर्फाच्या बाजूला,
आणि निघाली, होड्या लागायची वेळ झाली होती.